जलवाहिनीच्या खोदकामाआधी पुरातत्त्वीय पाहणी: कधी, कशी, कुणी करायची?

मृगनक्षत्र

नमस्कार मंडळी,

पाणीपुरवठा योजनांची आखणी करणाऱ्या एका कार्यालयात मी काम करतो. सध्या एका लांब जलवाहिनीचं काम हातात आहे. धरणापासून शुद्धीकरण केंद्र, तिथून उंचावरच्या टाक्या, पुढे गावोगावचे फाटे. चर दीड-दोन मीटर खोल, आणि बराचसा मार्ग नदीकाठच्या सपाट जमिनीतून. लेव्हल घेत फिरताना एका बसक्या टेकाडावर पायाखाली खापरंच खापरं दिसू लागली. माती राखाडी, मध्येच भाजलेल्या विटेचा तुकडा. बरोबरचे म्हणाले, "अशी खापरं कुठेही मिळतात." मिळत असतील. पण आमच्या अंदाजपत्रकात माती परीक्षण आहे, झाडांची मोजणी आहे, पिकांची नुकसानभरपाई आहे. जमिनीखाली जुनी वस्ती आहे का हे पाहण्यासाठी एक ओळसुद्धा नाही.

माझ्या मते ती ओळ हवी, आणि मार्ग कागदावर असतानाच हवी. म्हणून विचारतो: ही पाहणी नक्की कोणत्या टप्प्यावर करतात? काय काय बघतात? आणि काही सापडलंच तर योजना अडकते का? ज्यांनी हे काम केलंय आणि ज्यांचं काम यामुळे अडलंय, दोघांचंही ऐकायचं आहे.

टिंबटिंब

वाचतेय. असा धागा इथे हवाच होता.

चक्रधर

मी दुसरी बाजू मांडतो. माझी सगळी नोकरी साइटवर गेली. नदीकाठी माणूस हजारो वर्षं राहतोय, त्यामुळे नदीकाठी कुठेही फावडं मारा, काहीतरी लागणारच. प्रत्येक खापरासाठी थांबलो तर पाणी कधी पोचायचं? मशिनरी उभी राहिली की कंत्राटदार दावा लावतो, पावसाळा तोंडावर येतो, अर्धवट चर तसाच उघडा राहतो, त्यात गुरं पडतात. लोक शिव्या अभियंत्याला देतात, पुरातत्त्ववाल्याला नाही.

माझा विरोध पाहणीला नाही. काम सुरू झाल्यावर कुणीतरी येतो आणि "थांबा" म्हणतो, त्याला आहे.

खापरखुणा

चक्रधरकाका, तुमचं शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं उचलून आमच्या बाजूचं म्हणून लिहीन. काम सुरू झाल्यावर आम्हाला बोलावणं म्हणजे दोघांचंही नुकसान. तिथे आमच्या हातात फक्त घाईघाईने उचलणं उरतं.

मृगनक्षत्र, मी क्षेत्र-अन्वेषणाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला टप्पा टेबलावरचा. जुने गॅझेटियर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे वार्षिक अहवाल, विद्यापीठांच्या अन्वेषणांच्या याद्या, जुने टोपोशीट, गावनकाशे, आसपासचे शिलालेख. यात एक फार उपयोगी आणि फारसं कुणी न वापरणारं साधन म्हणजे अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं. १९६० ते १९७२ या काळातली ही छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. ट्रॅक्टर आणि बुलडोझरने जमिनी सपाट होण्याआधीचं रान त्यात दिसतं. आज जिथे सलग शेत आहे तिथे त्या फोटोत टेकाड स्पष्ट उभं असतं. नदीने पात्र बदललं असेल तर जुना काठही कळतो, आणि वस्ती जुन्या काठावर शोधायची असते.

दुसरा टप्पा पायी. नांगरट झाल्यावर आणि पीक उभं राहण्याआधी, सकाळच्या तिरप्या उन्हात. चार-पाच जण ठराविक अंतरावर एका रेषेत चालतात. खापरं मोजायची, गोळा करत सुटायचं नाही. काठ, बूड, रंगवलेला तुकडा असेल तर फोटो आणि जागेची नोंद. चार खापरं विखुरलेली असणं वेगळं. शेणखताबरोबर गावातला कचरा शेतात जातो, त्यातूनही ती येतात. पण खापरांची दाटी, राखाडी-पांढरी भुसभुशीत माती, हाडं, गारगोटीच्या छिलक्या, शिंपल्याचे तुकडे असं एकत्र दिसलं की ती वस्तीची जागा. तुम्ही सांगताय ते वर्णन त्यातलंच वाटतं, पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठामपणे म्हणणार नाही.

तिसरा टप्पा चाचणी खड्ड्यांचा. तो फक्त पहिल्या दोन टप्प्यांत संशय पक्का झाला तिथेच, आणि परवानगी घेऊनच.

मग निर्णय. मार्ग वळवा, खालून न्या, वरून भराव टाकून न्या, किंवा यातलं काहीच शक्य नसेल तर रीतसर उत्खनन करून मग चर खणा. यातला पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त असतो, पण तो मार्ग ठरायच्या आधीच हातात असतो. भूसंपादन होऊन पाइप साइटवर येऊन पडले की वळण घेणं महाग, आणि चर उघडल्यावर अशक्य.

रानवाट

छान माहिती ताई. शेणखताचं माहीत नव्हतं. म्हणजे आमच्यासारखे हौशी लोक एक खापर उचलून "सातवाहनकालीन!" म्हणतात ते...

खापरखुणा

@रानवाट, हौशी लोकांनीच कितीतरी स्थळं दाखवून दिली आहेत, त्यामुळे बघत राहा. फक्त उचलू नका. खापर त्याच्या जागी असतं तोवर ते काळ, थर आणि शेजार सांगतं. घरातल्या कपाटात गेलं की तो मातीचा तुकडा उरतो.

अश्मक

भूभौतिक सर्वेक्षणाबद्दल कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो. परदेशातल्या लेखांत "मॅग्नेटोमीटर फिरवला आणि अख्खं गाव दिसलं" असं वाचायला मिळतं. खरं आहे, कारण भाजलेली माती, भट्टी, चूल यांचा चुंबकीय ठसा आसपासच्या मातीपेक्षा वेगळा असतो. पण दख्खनमध्ये खाली बेसाल्ट आहे. तो स्वतःच चांगलाच चुंबकीय. एक मोठा धोंडा चुलीपेक्षा जोरात बोलतो.

जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारचंही तेच. कोरड्या वाळूत उत्तम चालतं. ओल्या काळ्या चिकणमातीत लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. म्हणजे उपकरण आणलं, पडद्यावर काही दिसलं नाही, म्हणून खाली काही नाही असा निष्कर्ष कुणी लिहून दिला तर त्यावर सही करू नका.

काळ्या मातीची आणखी एक खोड. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि वरच्या वस्तू भेगेतून खाली जातात. पावसात ती फुगते आणि सगळं ढवळतं. त्यामुळे चाचणी खड्ड्यात खोलवर काचेची बांगडी मिळाली तरी लगेच काळ ठरवायचा नाही. इथे पायी फिरणं आणि हाताने घेतलेला खड्डा याला पर्याय नाही.

बांधावर

मी शेतकरी. माझा प्रश्न सरळ आहे. तुम्ही लोक येणार, फोटो काढणार, नोंद करणार, आणि उद्या कुणीतरी म्हणणार की ही जमीन आता पुरातत्त्वाची, विहीर खणू नका, गोठा बांधू नका. आमच्याकडे शेतात मूर्ती निघाली तर लोक रातोरात ती देवळात नेऊन ठेवतात, पण कुणाला कळवत नाहीत. भीती हीच. पाइपलाइनची भरपाई मिळते, खापरांची मिळते का?

चक्रधर

बांधावर यांनी मुद्द्याचं विचारलं. पाहणीला लोक विरोध करतात तो यामुळे.

कलम_परिच्छेद

कायद्याच्या बाजूने लिहिते, वकील आहे.

बांधकामावरचे निर्बंध *संरक्षित* स्मारक किंवा स्थळाभोवती लागतात. केंद्राचा कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे, तो राज्य-संरक्षित स्मारकांसाठी.

पाहणीत एखाद्या शेताची नोंद झाली म्हणून ते शेत आपोआप संरक्षित होत नाही. त्यासाठी सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते, केंद्राच्या कायद्यात आधी दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि त्या मुदतीत जमीनमालकाला हरकत घेता येते. देशभरात केंद्र-संरक्षित स्थळं सुमारे ३,७०० आहेत. शोधलेल्या, नोंदलेल्या स्थळांच्या तुलनेत हा आकडा फार लहान. म्हणजे बांधावर, तुमच्या भीतीला आधार आहे, पण "नोंद झाली म्हणजे जमीन गेली" हे खरं नाही.

मूर्ती किंवा नाणी सापडल्यावर लपवणं मात्र धोक्याचं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही मर्यादा १८७८ ची, तेव्हा व्यवहारात जवळपास काहीही त्यात बसतं.

मृगनक्षत्र यांच्यासाठी उलट बाजूचा धोका. जागा संरक्षित यादीत नसेल तर तिथे बांधकामाआधी पाहणी करायलाच लावणारी स्पष्ट तरतूद या कायद्यांत नाही. म्हणून तुमच्या अंदाजपत्रकात ती ओळ नाही. आणि एक सावधगिरी: "आम्हीच एक खड्डा घेऊन बघतो" असं करू नका. असंरक्षित जागेतही पुरातत्त्वीय उत्खनन करायचं तर राज्य सरकारलासुद्धा केंद्राची पूर्वमान्यता लागते.

बांधावर

समजलं. दोन महिन्यांचं माहीत नव्हतं. हे कुणी गावात येऊन सांगत नाही, हीच अडचण आहे.

तळटीप

कायद्यात सक्ती नसली तरी तत्त्व नवीन नाही. युनेस्कोने १९६८ मध्येच शिफारस केली होती की सार्वजनिक आणि खासगी बांधकामांमुळे धोक्यात येणाऱ्या सांस्कृतिक ठेव्याची पाहणी काम सुरू होण्याच्या पुरेशी आधी व्हावी. त्यात धरणं आणि रस्त्यांबरोबर पाइपलाइन आणि विजेच्या वाहिन्यांचाही उल्लेख आहे.

जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या योजनांना तर बँकेचं आठव्या क्रमांकाचं पर्यावरण-सामाजिक मानक, म्हणजे सांस्कृतिक वारशाबद्दलचं, लागू होतं. अनपेक्षित काही सापडलं तर काय करायचं याची कार्यपद्धती कंत्राटात लिहावीच लागते. मृगनक्षत्र, तुमच्या योजनेचा पैसा कुठून येतोय ते बघा. बाहेरचं कर्ज असेल तर तुमचं अर्धं काम झालं.

भटका_मेघ

जरा अवांतर. सार्वजनिक सेवांच्या खोदकामातून निघालेली सगळ्यात थरारक गोष्ट माझ्या मते मेक्सिको सिटीची. फेब्रुवारी १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार शहराच्या मध्यभागी रस्ता खणत होते. खाली एक कोरीव दगडी तबकडी लागली, सव्वातीन मीटर व्यासाची. ॲझ्टेकांची चंद्रदेवता कोयोल्शाउकी. त्यानंतर उत्खनन झालं आणि त्यांची जुनी राजधानी तेनोच्तित्लान, तिचं मुख्य मंदिर उजेडात आलं. कामगार थांबले म्हणून!

रानवाट

रस्ता खणण्यात वीजवाल्यांचा हात कुठल्याच देशात कुणी धरू शकत नाही. :)

भटका_मेघ

हाहा. आणि उलटं उदाहरण आपल्या उपखंडातलं. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वे टाकताना हडप्प्याच्या विटा काढून रुळांखाली खडीसारख्या पसरल्या. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख कनिंगहॅम याने लिहून ठेवलंय की सुमारे १०० मैलांच्या रुळांना पुरेल इतकं सामान तिथून गेलं. त्या वेळी ते शहर किती जुनं आहे याची कुणालाच कल्पना नव्हती. हे वाचलं की पोटात कालवतं. प्रौढ हडप्पा काळातलं, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या भरभराटीतलं, एवढं मोठं नगर, आणि त्याचे वरचे थर आगगाडीखाली.

चक्रधर

मेघ, उदाहरणं द्यायचीच तर ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या मेट्रोचंही द्या. काम सुरू २००६, गाडी धावली २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. अठरा वर्षं! तिथे तर पाहणी, कायदा, तज्ज्ञ सगळं होतं.

खापरखुणा

काका, ते उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचता येतं. तिथे पुरातत्त्वाबरोबर देशाचं आर्थिक संकट आणि कंत्राटातले वादही होते. पण एक मान्य करते: वेनिझेलू स्थानकाच्या जागी बायझंटाइन काळातला संगमरवरी हमरस्ता आणि चौक निघाला आणि तो जागेवर ठेवायचा की हलवायचा यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी तो उचलून, स्थानक बांधून, परत तिथे बसवला. एवढ्या जुन्या शहराच्या पोटात स्थानक करताना मार्ग वळवायला जागाच नसते.

जलवाहिनीचं तसं नाही. रानातून जाणारी वाहिनी पन्नास-शंभर मीटर सरकवता येते. बाकू-तिबिलिसी-जेहान तेलवाहिनी १,७६८ किलोमीटरची. तिच्या कामात हाच क्रम होता: आधी टाळता येईल ते टाळायचं, मग पाहणी, मग चाचणी खड्डे, मग लागेल तिथे बचाव-उत्खनन, आणि चर खणताना देखरेख. तीन देशांतून गेली आणि तेल वाहायला लागलं. मार्गावर सापडलेली स्थळं नीट नोंदली गेली.

चक्रधर

हे उदाहरण पटण्यासारखं आहे. लांबीही भरपूर. पण खर्च? तेल कंपनीकडे पैसा असतो. नळयोजनेत शेवटच्या टाकीला पैसे पुरत नाहीत.

तळटीप

खर्चाचं उत्तर देशोदेशी वेगवेगळं दिलंय. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने संघीय योजनांना एकूण निधीच्या एक टक्क्यापर्यंत रक्कम पुरातत्त्वीय कामावर खर्च करायची मुभा दिली. फ्रान्समध्ये २००१ च्या कायद्यानंतर बांधकाम करणाऱ्यांकडून वेगळा कर घेतात आणि त्यातून सरकारी संस्था आधी चाचणी चर घेते. साधारणपणे जागेच्या पाच ते दहा टक्के भागात. इंग्लंडमध्ये १९८९ साली लंडनमध्ये शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष एका इमारतीच्या पायाखाली निघाले, मोठा गदारोळ झाला, आणि १९९० मध्ये नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं आली: ज्याला बांधायचंय त्यानेच आधी पाहणीचा अहवाल द्यायचा. पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठी युरोपीय देशांनी केलेल्या १९९२ च्या व्हॅलेटा करारानंतर हे तत्त्व युरोपभर पसरलं.

मृगनक्षत्र

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. चक्रधर सर, आमच्या योजनेपुरतं बघितलं तर टेबलावरची पाहणी आणि पायी फिरणं यात मुख्यतः माणसांचे पगार आणि प्रवास येतो. ड्रोनने मोजणी आधीच केलेली आहे, तिची उंचीची माहिती तयार आहे. तीच पुरातत्त्वासाठी वापरता येईल का?

अश्मक

नक्की येईल. उंचीच्या माहितीवर कृत्रिम उजेड तिरपा टाकून बघा, सपाट वाटणाऱ्या शेतातले हातभर उंचीचे उंचवटेही उठून दिसतात. लेझरने केलेली मोजणी असेल तर झाडाझुडपांखालची जमीनही दिसते. २०१२ मध्ये कंबोडियातल्या अंगकोरच्या जंगलात याच पद्धतीने रस्ते आणि चौकोनी वसाहती दिसल्या. साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनला झाडीखालचं दिसत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

गोदाकाठची

मला सगळ्यांना एक विचारायचंय. आपण सतत मंदिर, तबकडी, हमरस्ता बोलतोय. त्या टेकाडात असलं काही नसेलच. मातीच्या भिंती, चुली, धान्याचे दाणे असतील. त्यासाठी थांबायचं का?

खापरखुणा

त्यासाठीच थांबायचं. या धाग्यावर मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे.

मंदिर कुणालाही दिसतं, त्याला वाली मिळतो. इजिप्तमधल्या आस्वान धरणाच्या वेळी १९६० मध्ये युनेस्कोने हाक दिली, जगभरातून पैसा आला, अबू सिंबेलची मंदिरं कापून ६५ मीटर उंचावर नेली. तेव्हा नूबियात, म्हणजे धरणात बुडणाऱ्या त्या प्रदेशात, आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचंही पथक गेलं होतं, बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली. आपल्याकडे नागार्जुनसागर धरणाआधी १९५४ ते १९६० नागार्जुनकोंड्याचं मोठं उत्खनन झालं. इक्ष्वाकूंची राजधानी पाण्याखाली गेली, काही वास्तू उचलून टेकडीवर मांडल्या, ती टेकडी आता बेट आहे. गुजरातेत देवनी मोरीचा स्तूपही धरणात जाण्याआधी उत्खनन झालं म्हणून त्यातला अस्थिकरंडक आज वडोदऱ्यात आहे.

मातीची वस्ती मात्र उचलून नेता येत नाही. इनामगाव घ्या, घोड नदीकाठचं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. शंभराहून जास्त घरं, धान्याची पेवं, आणि घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं. उत्खनन करणाऱ्यांना तिथे पाणी वळवण्याचा चर आणि बंधाराही मिळाला. तीन हजार वर्षांपूर्वीची ती पाणी-योजनाच होती. आता कल्पना करा की तिथून दीड मीटरचा चर जेसीबीने एका दुपारी खणला. काय गेलं हे कुणाला कळलंही नसतं, कारण बकेटमधून फक्त राखाडी माती निघाली असती.

राजांचे शिलालेख असतात, ताम्रपट असतात. या लोकांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्यांचं जे काही आहे ते त्या मातीत आहे.

गोदाकाठची

उत्तर मिळालं ताई. बंधाऱ्याचं वाचून अंगावर काटा आला.

बांधावर

आमच्याकडे म्हातारे सांगतात, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरची माती धाब्याच्या घरांना आणि शेतात टाकायला गाड्या भरभरून नेली. म्हणजे ते तेच होतं.

खापरखुणा

हो, बहुतेक तेच. म्हणून उरलेली टेकाडं जास्त मोलाची.

कलम_परिच्छेद

टेबलावरची पाहणी करणाऱ्यांसाठी एक इशारा. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीच्या जागी अठराव्या शतकातलं आफ्रिकन लोकांचं दफनस्थान निघालं. ते जुन्या नकाशावर होतं! पण नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी सगळं नष्ट झालं असेल असं पाहणीत गृहीत धरलं. प्रत्यक्षात जुन्या भरावाखाली ते शाबूत होतं. चारशेहून अधिक अवशेष बाहेर आल्यावर लोक रस्त्यावर उतरले, संसदेपर्यंत प्रकरण गेलं, इमारतीचा आराखडा बदलावा लागला. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. "नकाशावर आहे पण आता उरलं नसेल" असं वाक्य अहवालात दिसलं की तिथे चाचणी खड्डा मागा.

टिंबटिंब

मानवी हाडं लागली तर साइटवर काय करायचं?

कलम_परिच्छेद

लगेच काम थांबवायचं, जागा झाकायची, पोलिसांना आणि तहसीलदारांना कळवायचं. हाडं जुनी की अलीकडची हे ठरवणं मुकादमाचं काम नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि गावातल्या कुणाच्या पूर्वजांची ती जागा असू शकते, तेव्हा गावाशी बोलणं आधी.

मृगनक्षत्र

अद्यतन देतो. आमच्या वरिष्ठांना धाग्यातले मुद्दे सांगितले. टेकाडाच्या भागात दोन पर्यायी मार्ग तपासायला त्यांनी होकार दिला, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहायचं ठरलंय. मार्ग सरकवला तर एक चढ वाढतो आणि हवेचा व्हॉल्व्ह जास्तीचा लागतो, बाकी फरक नाही. दुसरा पर्याय म्हणजे टेकाडाखालून आडवं ड्रिलिंग. ते सुरक्षित असतं का? आणि निविदेत नक्की काय लिहावं?

चक्रधर

याचं उत्तर मी देतो, हे माझं क्षेत्र.

आडवं ड्रिलिंग चालेल, पण दोन्ही टोकांचे खड्डे टेकाडाच्या बाहेर, बरेच लांब हवेत. नाहीतर वस्ती वाचवायला ड्रिल आणलं आणि त्याच्या खड्ड्यानेच वस्ती फोडली असं होईल. दुसरं, ड्रिल करताना आत सोडतात त्या बेंटोनाइटच्या, म्हणजे पातळ चिकणमातीच्या, राड्याचा दाब वाढला तर तो राडा भुसभुशीत मातीतून वर येतो. खोली पुरेशी ठेवा. खाली कठीण मुरूम किंवा खडक असेल तर खर्चही बघा. मला विचाराल तर मार्ग सरकवा, व्हॉल्व्ह लावा.

निविदेत हे लिहा: संशयित भागात वरचा थर दात नसलेल्या बकेटने, पातळ पातळ काढायचा आणि त्या वेळी पुरातत्त्वाचा माणूस हजर हवा. काही सापडलं तर किती लांबीत काम थांबेल आणि तोवर मशिन कुठल्या दुसऱ्या टप्प्यावर जाईल हे आधीच ठरलेलं हवं. थांबण्याच्या काळासाठी वेगळी बाब धरा, म्हणजे कंत्राटदाराला लपवण्याचं कारण उरत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. थांबण्याचे पैसे मिळणार नसतील तर साइटवर कुणालाच काहीही "सापडत" नाही, हे मी आयुष्यभर बघितलंय.

खापरखुणा

काका, हे मी आमच्या प्रशिक्षणात सांगणार आहे.

चक्रधर

सांगा की. पण पत्राला उत्तर वेळेत द्या असंही तुमच्या लोकांना सांगा. दोन्हीकडून व्हायला हवं.

खापरखुणा

रास्त आहे. माणसं फार कमी आहेत हे खरं कारण आहे, पण योजनेला ते कारण सांगून चालत नाही. म्हणून पत्राबरोबर मार्गाची नकाशाफाइल, जागेचे अक्षांश-रेखांश, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि काम सुरू होण्याची तारीख जोडा. जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागालाही प्रत द्या. त्यांचे विद्यार्थी पायी पाहणीला येऊ शकतात.

बांधावर

आणि ज्यांची शेतं आहेत त्यांना विचारा. नांगराला वीट कुठे लागते, कुठल्या तुकड्यात पीक वेगळं येतं, हे त्यांना माहीत असतं. आधी येऊन कायदा समजावून सांगा, मग लोक सांगतील.

मृगनक्षत्र

बांधावर दादा, पुढच्या आठवड्यात त्याच गावात बैठक आहे. कलम_परिच्छेद यांचा प्रतिसाद तिथे वाचून दाखवला तर चालेल ना?

कलम_परिच्छेद

अवश्य वाचा. दोन महिन्यांच्या हरकतीचा भाग आधी वाचा.

अश्मक

एक राहिलं. पाहणीचा नकाशा ग्रामपंचायतीत आणि योजनेच्या पूर्णत्वाच्या नकाशांबरोबर दोन्हीकडे ठेवा. तुम्ही टेकाड टाळून जाल, पण त्यानंतर फायबरची केबल टाकणारे येतील आणि त्यांना सगळ्यात जवळचा रस्ता त्याच टेकाडावरून दिसेल.